म्हसोबाचा कोंबडा कोणता

परवा तुम्ही दोघे व्हिडिओ कॉलवर शाळेतल्या नाटकाची गोष्ट सांगत होतात आणि मधेच खो खो हसत सुटलात. मला वाटले, माझा चष्मा वाकडा झाला असेल. मागे वळून पाहिले, तर तुमच्या आजोबांच्या वेताच्या खुर्चीच्या पाठीवर एक तांबडा कोंबडा उभा होता आणि तोही मान तिरकी करून मोबाइलमध्ये डोकावत होता. त्याला हाकलायला उठले तेवढ्यात मोबाइल पडला आणि कॉल बंद झाला. त्यानंतर तुमच्या बाबाने तुम्हाला सांगितले म्हणे, की आजीने आता घरात कोंबडे पाळलेत.

हे साफ खोटे आहे. घरात एकही नाही. मागच्या अंगणात एक आहे. तो घरात येतो, कारण या घरात एक माणूस असे आहे की ज्याला दाराची कडी लावायची असते हे आयुष्यात कोणी शिकवलेले नाही. तुमच्या बाबाची आवृत्ती तुमच्या डोक्यात पक्की होण्याआधी मीच सगळे पहिल्यापासून सांगते.

कोंबड्या मी पाळते हे तुम्हाला माहीत आहेच. कॉलेजातले इंग्रजी शिकवणे थांबले, आजोबा गेले, आणि सकाळी उठून कोणासाठी तरी काही करायला हवे म्हणून मी सहा कोंबड्या आणल्या. गाडी विकल्यापासून रिकाम्या पडलेल्या शेडशेजारी, पेरूच्या झाडाखाली पत्र्याचे खुराडे करून घेतले. सकाळी उघडायचे, झाडायचे, पाणी बदलायचे, संध्याकाळी मोजून आत घ्यायच्या. अंड्यावर पेन्सिलीने वार लिहायचा. सहाजणींत एक पांढरी होती, ती मॉनिटर. तिने आधी खायचे, मग इतरांनी. कोंबडा मी मुद्दाम ठेवला नव्हता. कोंबडी अंडे घालते त्याला कोंबडा लागत नाही, हे मी आमच्या गल्लीत निदान दहा पदवीधरांना समजावून सांगितले आहे आणि त्यातल्या एकाचाही अजून विश्वास बसलेला नाही.

आता तुमची आत्याआजी. आजोबांची धाकटी बहीण. माझ्यापेक्षा वयाने थोडी मोठी, पण नात्याने मी वहिनी, म्हणून आम्ही दोघी एकमेकींना आयुष्यभर अहोजाहो करत आलो. मी त्यांना वन्सं म्हणते. त्या अजिंठ्याच्या अलीकडे त्यांच्या गावी राहायच्या, शेतातल्या घरात, एकट्या. शेत बटईने, म्हणजे निम्म्या वाट्याने, कसायला दिलेले. लेक नाशिकला, ती रोज बोलावते, पण लेकीच्या घरी कायमचे राहायचे नसते, हा वन्संचा कायदा. मागच्या श्रावणात त्या गोठ्याच्या उंबऱ्याला अडखळून पडल्या. सकाळी पडल्या, त्या दुपारी बटईदाराची बायको विळा मागायला आली तेव्हा सापडल्या. मोबाइल घरात चार्जिंगला. कंबरेला मार, पण हाड शाबूत. मला कळले तेव्हा मी दवाखान्यात जाऊन त्यांच्यावर इतकी ओरडले की नर्सने मला बाहेर काढले.

त्यानंतर मी ठरवले की या बाईला परत तिथे एकटी ठेवायची नाही. ठरवणे सोपे होते.

"माहेर आहे तुमचं," मी म्हटले. "भाऊ नसला म्हणून काय झालं?"

"माहेर हाय, व्हय. पण माह्या कोंबड्यांचं हाय का?"

"आणा कोंबड्या."

"बघा बरं. कोंबड्या रमल्या, तर मी रमले. नाय रमल्या, तर मला मुकाट्यानं एस्टीत बसवून द्यायचं. शब्द द्या."

मी शब्द दिला. म्हणजे ही बाई माझ्याकडे सुखरूप राहणार की पुन्हा त्या गोठ्याच्या उंबऱ्यावर जाऊन पडणार, हे त्यांच्या सात कोंबड्यांच्या मर्जीवर ठेवले. शिकलेल्या माणसाने असा शब्द देऊ नये.

दसऱ्यानंतर टेम्पो आला. टेम्पोत एक ट्रंक, एक पाटा, आणि बांबूची दोन मोठी डालगी. एका डालग्यात सात कोंबड्या. दुसऱ्यात चार अर्धवट वाढलेली, उंच पायांची, सारखी एकमेकांच्या डोक्यावर चढणारी पोरे.

"हे काय?" मी विचारले.

"हे कोंबडे."

"कोंबडे आणायचं बोलणं झालं नव्हतं."

"कोंबड्या म्हणल्यावर कोंबडे आलेच की वैनी. वऱ्हाडात काय निस्त्या बायाच येतात व्हय?"

मी त्या दिवशी वाद घातला नाही. ती माझी पहिली चूक.

दोन कळप एकत्र आणायचे म्हणजे काय करायचे, हे मी आधीच वाचून ठेवले होते. नवीन पक्षी काही आठवडे वेगळे ठेवायचे, रोगबिग नाही ना ते पाहायचे. मग मधे जाळी लावायची, म्हणजे एकमेकींना दिसतील पण मारता येणार नाही. मग हळूहळू जाळी काढायची. त्याप्रमाणे मी गड्याकडून अंगणाच्या मधोमध जाळी ठोकून घेतली. सगळ्यांच्या पायांत प्लास्टिकच्या रंगीत कड्या घातल्या. माझ्या कोंबड्यांना पांढऱ्या, वन्संच्या कोंबड्यांना केशरी, आणि त्या चार नरांना लाल, पिवळी, हिरवी, निळी. वन्सं पायरीवर बसून हे पाहत होत्या आणि त्यांचे तोंड पाहून मला कळत होते की काहीतरी येणार आहे.

"माह्या कोंबड्यांनी काय पाप केलंय? वाळीत टाकल्यावानी जाळीपल्याड."

"वाळीत नाही टाकलं. सवय होऊ देतोय."

"मी लगीन होऊन सासरी गेले तवा मला कुणी जाळीपल्याड ठिवलं नव्हतं."

"ठेवलं असतं तर बरं झालं असतं असं तुम्हीच म्हणायच्या."

यावर त्या हसल्या आणि मला वाटले, जिंकले. दुसऱ्या दिवशी मी पेन्शनच्या कामासाठी बँकेत गेले. परत आले तर जाळी गुंडाळून भिंतीला टेकवलेली, वन्सं हातात चप्पल घेऊन अंगणाच्या मधे, आणि सगळीकडे पिसे. माझा अंदाज असा होता की खेड्यातल्या धटिंगण कोंबड्यांनी माझ्या गरीब कोंबड्यांना झोडपले असेल. झाले उलटेच. माझी पांढरी मॉनिटर वन्संच्या एका तलंगेच्या, म्हणजे कोवळ्या कोंबडीच्या, पाठीवर उभी राहून तिच्या तुऱ्याचे लचके तोडत होती आणि माझ्याच बाकीच्या पाचजणी कोंडाळे करून पाहत होत्या.

"तुमच्या शिकलेल्या कोंबड्या लई खडूस निघाल्या वैनी," वन्सं धापा टाकत म्हणाल्या.

तुऱ्याला हळद लावली. माझ्या हातावर ओरखडे आले, त्यालाही हळद लावली. जाळी पुन्हा ठोकली. गडी म्हणाला, आता काढायची असेल तर आधीच सांगा, मी खिळे अर्धेच ठोकतो.

पुढचे काही आठवडे कसे गेले ते विचारू नका. मी वाचले होते की दादागिरी करणारीला काही दिवस एकटी कोंडावे, म्हणजे परत आल्यावर तिचा दरारा उतरलेला असतो. मी पांढरीला जिन्याखाली कोंडले. वन्संचे म्हणणे, सगळ्यांना एकाच चुलीची राख फासून एकाच डालग्याखाली बसवले की वास एक होतो आणि वैर संपते. आमच्याकडे चूल नाही. त्यांनी शेजारच्या गल्लीतल्या इस्त्रीवाल्याकडून कोळशाची राख आणली आणि कोंडलेल्या पांढरीलाही बाहेर काढून माझ्या सहा आणि त्यांच्या सात कोंबड्यांना अशी फासली की संध्याकाळी मला मोजतासुद्धा येईनात. अंगणात तेरा बैरागी फिरत होते. पाण्याच्या भांड्यात राख, जिन्यावर राख, दोरीवरच्या माझ्या धुतलेल्या साडीवर राख. आणि नळाला पाणी यायला अजून बरेच दिवस होते, हे या शहरात राहणाऱ्या कोणालाही वेगळे सांगायला नको.

दिवाळी संपता संपता सगळ्या तेराजणी एकत्र चरायला लागल्या. पांढरी परत आली ती नरम होऊन आली. मी म्हणते कोंडल्यामुळे, वन्सं म्हणतात राखेमुळे. या विषयावर आम्ही आता बोलत नाही.

एवढ्यावर ही गोष्ट संपायला हवी होती. कोंबड्या रमल्या होत्या. वन्सं सकाळी उठून स्वतःहून अंगण झाडायला लागल्या होत्या. माझ्यासारखे नाही, कोपरे सोडून, पण झाडायच्या. शब्दाप्रमाणे त्यांनी राहायचे होते.

पण ते चौघे वयात आले.

मुलांनो, कोंबडा पहिल्यांदा आरवतो तेव्हा ते आरवणे नसते. गंजलेल्या हापशाला कोणी पहाटे हापसावे तसा तो आवाज असतो. लाल कडीवाल्याने सुरुवात केली, त्याचे ऐकून पिवळ्याने, मग हिरव्याने. निळा जरा उशिरा शिकला, पण त्याने ती कसर भरून काढली. शिवाय चौघांची आपसांत मारामारी. माना फुगवून, पाय पुढे करून, दिवसभर. आणि त्यातून वेळ मिळाला की कोंबड्यांच्या मागे. तेराजणींना चार. दोन तलंगांच्या पाठीवरची पिसे गेली, कातडी दिसायला लागली. ज्या कोंबड्या मी इतक्या कष्टाने एकत्र आणल्या, त्या आता खुराड्यातून बाहेर यायला तयार होईनात.

आणि शेजारी. आमच्या भिंतीला भिंत लागून एक निवृत्त इंजिनिअर राहतात, रस्ते आणि पूल बांधलेला माणूस. ते रोज सकाळी स्वेटर आणि कानटोपी घालून कंपाउंडपाशी येऊन उभे राहायचे.

"मॅडम, एक कोंबडा असता तर मी समजलो असतो. माणूस एक अलार्म लावतो. तुमच्याकडे चार अलार्म आहेत आणि चारही वेगवेगळ्या वेळेचे."

"बरोबर आहे तुमचं."

"तुम्ही रोज बरोबर आहे म्हणता, म्हणून मी उद्या परत येतो."

मी वन्संना सांगितले की आता तीन तरी कमी करायला हवेत. एक ठेवू. तीन विकू किंवा मार्गशीर्ष संपला की कापू, तुम्हाला हवे तसे.

वन्संनी मटार सोलणे थांबवले. "नाय जमायचं."

"का?"

"त्यातला एक म्हसोबाला बोललेला हाय."

म्हणजे नवसाचा. गावच्या शिवेवरच्या म्हसोबाला त्यांनी एक कोंबडा कबूल केला होता. आखाडात नवस फेडायचा, तोवर त्याला विकायचे नाही, कापायचे नाही, कोणाला द्यायचे नाही. मी म्हटले, ठीक आहे, त्याला ठेवू. कोणता तो?

वन्सं पुन्हा मटार सोलायला लागल्या.

"वन्सं, कोणता?"

"त्याच्या पंखात पांढरं पीस हुतं. पिल्लू हुता तवा."

"आता?"

"आता गळालं वाटतं. आता चौघं बी तांबडे."

मी अंगणात जाऊन चौघांनाही पकडून, पंख उलगडून पाहिले. तांबडा, तांबडा, तांबडा, आणि काळसर तांबडा. पिल्लाची पिसे झडतात आणि नवी येतात, हे जिने जन्मभर कोंबड्या पाळल्या त्या बाईला माहीत नसावे? माहीत होते. "मला वाटलं, म्हसोबाचा हाय, त्याचं पीस ऱ्हाईल."

"मला आधी सांगितलं असतं तर मी त्याला वेगळी कडी घातली नसती का?"

"घातल्यात की कड्या! लाल, हिरव्या, काय काय. मग तुम्हीच सांगा ना, कोणता ते. त्या काय निस्त्या नटायला घातल्या व्हय?"

मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्याले.

म्हणजे परिस्थिती अशी झाली की चौघांतला एक म्हसोबाचा, तो कोणता हे म्हसोबा सोडून कोणाला माहीत नाही, म्हणून चौघांपैकी एकालाही हात लावायचा नाही. मी म्हटले, मग चारही त्यालाच देऊन टाका. वन्सं म्हणाल्या, "एका नवसाला चार? देवाला सवय लागंल. पुढच्याला बिचाऱ्याला महागात पडंल."

मग त्यांनीच तोड काढली. गावाकडे नवसाच्या जनावरावर पाणी शिंपडतात. त्याने अंग झटकले की देवाने ते कबूल केले असे समजायचे. चौघांवर पाणी शिंपडू, जो झटकेल तो म्हसोबाचा. माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही हे तुम्हाला माहीत आहे. पण इंजिनिअरसाहेब आता लेखी तक्रारीची भाषा बोलत होते, आणि मला तीन कोंबडे घालवण्यासाठी कोणाचाही कौल चालला असता. नळाला पाणी आले त्या दिवशी सकाळी, टाकी भरायला लावून, मी तांब्या घेऊन उभी राहिले. वन्संनी डोक्यावर पदर घेतला, गावाच्या दिशेला तोंड करून काहीतरी पुटपुटल्या आणि लालवर पाणी शिंपडले. त्याने अंग झटकले.

"हाच!" मी म्हटले.

"थांबा वैनी. बाकीच्यांना बी इचारू."

पिवळ्याने झटकले. हिरव्याने झटकले. निळ्याने तर असे झटकले की माझा चष्मा भिजला.

"थंडीच्या दिवसांत अंगावर गार पाणी टाकल्यावर कोणीही झटकेल," मी ओरडले. "मीसुद्धा झटकेन!"

"तुम्हांला कुठं कुणी बोललंय?" वन्सं म्हणाल्या. "चारी कबूल झाले."

या गडबडीत टाकी भरून वाहायला लागली होती आणि ओघळ रस्त्यापर्यंत गेला होता. जिथे लोक थेंब थेंब जपतात, तिथे मी गच्चीवरून पाणी सोडले. इंजिनिअरसाहेबांनी त्यावरही दोन शब्द ऐकवले.

मी चौघांना वेगळे केले. कोंबड्या दिसल्या नाहीत तर कोंबडे आपसांत बऱ्यापैकी निवांत राहतात, हे वाचलेले खरे निघाले. जुनीच जाळी रिकाम्या शेडला लावून त्यात चौघांना ठेवले. मारामारी थांबली, कोंबड्यांच्या पाठी भरून यायला लागल्या. पण शेड पत्र्याची. आत चौघे आरवले की पत्रा घुमायचा, आणि शेड इंजिनिअरसाहेबांच्या झोपायच्या खोलीला लागून.

एका सकाळी ते कानटोपीशिवाय आले. त्यावरूनच मी ओळखले. "मॅडम, आज माझा बीपी वाढलाय. कोंबडे तरी राहतील नाहीतर मी तरी. मी महापालिकेत जातोय." मी त्यांना बसा म्हटले, चहा विचारला, ते बसले नाहीत.

आत येऊन पाहते तर वन्संनी ट्रंक ओढून बाहेर काढलेली.

"हे काय चाललंय?"

"कोंबडे माहे. बोलणी तुम्हांला बसायलीत. मला एस्टीत बसवून द्या. शब्द दिलाय तुम्ही."

"शब्द कोंबड्यांचा होता. कोंबड्या रमल्यात. पांढरी तुमच्या तलंगेशेजारी झोपते. बघा जाऊन."

"मंग कोंबड्या ठिवा. कोंबड्या घिऊन जाते म्हणते का मी? कोंबडे घेऊन जाते."

मी चिडले. खरोखर चिडले. एका पाखरासाठी, त्यातही ते कोणते हे माहीत नसताना, तुम्ही पुन्हा त्या घरात एकट्या जाऊन राहणार? असा काय नवस बोललात?

वन्सं ट्रंकेवर बसल्या. म्हणाल्या, "त्या दिशी पडले ना, तवा हलता येईना. हाका मारून नरडं बसलं. कुणी येईना. कोंबडी पिल्लं घिऊन आली तिथं, माह्या अंगाभवती दाणं टिपत. त्यातलं एक पांढऱ्या पिसाचं माह्या हातावर चढून बसलं. मी म्हणलं, म्हसोबा, कुणाला तरी धाड. ह्यो तुला दिला." मग म्हणाल्या, "आन् ती विळा मागाया आली."

 आणि दवाखान्यात मी त्यांच्यावर ओरडले होते, मोबाइल जवळ का ठेवला नाही म्हणून.

तोड मला सुचली ती दुपारी, भाकरी करताना. मी विचारले, चौघांना गावीच तुमच्या शेतावर का ठेवत नाही? बटईदाराची बायको पाहील आखाडापर्यंत.

"तिच्या घरी पाव्हणे लई. कोंबडा दिसला की तिचं पाणी उकळायला लागतं."

"तिला सांगा की यातला एक म्हसोबाचा आहे."

"एकच ना. मंग बाकीचे तीन कापंल."

"कोणते तीन?"

वन्संनी माझ्याकडे पाहिले. "कोणता देवाचा ते तिला कुठं ठाव हाय..."

"आपल्यालाही नाही. आपली जी अडचण झाली, ती तिचीही होऊ द्या. आणि पाणी शिंपडल्यावर चौघांनी झटकलं, हेसुद्धा सांगा."

वन्सं इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. "वैनी, तुम्ही लई पोचलेल्या निघाल्या."

मी लगेच दुसऱ्या दिवसासाठी एक गाडी ठरवली. पण वन्संना एकदा त्यांच्या दारात नेले की त्या परत गाडीत बसतील याची खात्री काय? कोंबडे तर जात होतेच. ट्रंक मी नेऊ दिली नाही. त्यांनीही आग्रह केला नाही, पण पाटा न्यायचा का असे दोनदा विचारले.

शहरातल्या मुकुंदवाडीच्या गर्दीतून बाहेर पडेपर्यंत डालग्यातले चौघे ओरडत होते, पुढे झोपले. गावात पोचलो तेव्हा दुपार झाली होती. बटईदाराच्या बायकोला वन्संनी सगळी हकिगत सांगितली. पीस, पाणी, झटकणे, सगळे, आणि मधे मधे हळूच माझ्याकडे पाहत. त्या बाईने चौघांना हात जोडले. "आगं बया, चारी बी? मंग मी तर शिवणार बी नाय." काम फत्ते.

मग वन्संनी आपल्या घराचे कुलूप काढले. मी ओट्यावर बसून राहिले. आतून झाडू फिरल्याचा आवाज आला. मग भांडी. मग चुलीचा धूर. ही बाई चहा ठेवतेय की संसार मांडतेय, मला कळेना. जाऊन पाहावे, तर घाई केल्यासारखे होईल. ड्रायव्हर दोनदा हॉर्न वाजवून गेला. उन्हे कलली. बटईदाराची बायको मला म्हणाली, "ऱ्हाऊ द्या की त्यांना आता इथंच. आम्ही हाव ना." मी तिच्याकडे असे पाहिले की ती घरी गेली.

शेवटी मी आत गेले. वन्संनी चहा करून दोन कपांत ओतून ठेवला होता, पण त्या तिथे नव्हत्या. त्या मागच्या दाराशी होत्या, गोठ्याच्या उंबऱ्याकडे पाहत. गोठा रिकामा होता. मी त्यांच्याशेजारी जाऊन उभी राहिले.  चहावर साय धरली.

"वैनी," त्या एकदम म्हणाल्या, "तिकडं खुराड्याचं दार कोण लावणार?"

"कोणीच नाही. घरात कोणी नाही."

"आन् दिस बुडाया आला! मांजर हाय तिथं त्या निळ्या गेटवाल्यांचं. तुमचे इंजिनिअर लावतील व्हय दार? काहून बोलला नाय तुम्ही इतका वेळ? चहा पित बसलाय!"

मी चहाला हातही लावला नव्हता, हे मी सांगितले नाही. त्यांनी चुलीवर पाणी ओतले, कुलूप लावले आणि माझ्याआधी गाडीत जाऊन बसल्या. मी इंजिनिअरसाहेबांना फोन केला. ते म्हणाले, "कडी वरची का खालची?"

गाव मागे पडल्यावर माझ्या पायाशी काहीतरी हलले. वन्संच्या पदराखाली.

"हे काय आहे?"

"तेराजणींना एक तरी लागतोच की वैनी. घार आली तर वरडणार कोण? आन् तुमचे साहेबच म्हणले ना, एक असता तर समजलो असतो."

निळी कडी होती. मी म्हटले, हा म्हसोबाचा असला तर? वन्सं म्हणाल्या, असला तर असला, आखाडात घिऊन यायचं. आणि नसला तरी यायचं, बाकीच्या तिघांकडे बघायला. दोघींनी. त्यांनी हे इतके सहज सांगितले की माझा राग कुठे ठेवावा मला कळेना, म्हणून मी घाट संपेपर्यंत त्यांच्याशी बोलले नाही.

तर तुमच्या आजोबांच्या खुर्चीवर पाहिलात तो हा. तो देवाचा आहे की नाही हे अजून ठरलेले नाही, म्हणून त्याला झाडूने मारायचे नाही असा घरात नियम झाला आहे. माझा नाही, वन्संचा. त्याचे आरवणे आता बरे आहे, आणि इंजिनिअरसाहेब त्यावर घड्याळ लावतात असे त्यांची बायको सांगते. खुराड्याचे दार रोज संध्याकाळी वन्संच लावतात. घराचे मात्र उघडे टाकतात. आत्तासुद्धा हे लिहिताना टेबलाखालून कोणीतरी माझ्या चपलेला टोच मारत आहे आणि आतून आवाज येतोय, "वैनी, निळा तिकडं आलाय का? बघा बरं, इकडं नाय."